कारखान्यात लैंगिक अत्याचाराबद्दलचे 'गैरसमज मोजणारी' ट्रेनिंग घेतली : बाई एक नंबर, फॉर्म मात्र फेल

पाचपैकी तीन स्टार देतेय, ते पण ट्रेनर बाईंमुळं. फॉर्म आणि रिपोर्टला वेगळे स्टार द्यायची सोय असती तर तिथं एकावर थांबले असते.

आमचा टॉवेलचा कारखाना, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी ऑफिस आणि पगाराचं बघते, शिवाय अंतर्गत समितीत आहे. अंतर्गत समिती म्हणजे कामाच्या जागी लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ चा जो कायदा आहे त्यातली, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की ती करावीच लागते. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी ही समिती म्हणजे पंचिंग मशीनच्या वर चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद असतो, त्यातली निम्मी नावं नोकरी सोडून गेलेली असतात. पण कामगारांना माहिती देण्याचे कार्यक्रम घेणं हे पण मालकाचंच काम आहे असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय आणि एक्सपोर्टचा बायर ऑडिटला आला की त्याचे फोटो आणि रजिस्टर मागतो, तर शेठनी पुण्याच्या एका एजन्सीला बोलावलं. नाव लिहीत नाही कारण असाच माल विकणाऱ्या बऱ्याच एजन्सी आहेत आणि बहुतेकांचा फॉर्म थोडाफार असाच असावा.

पॅकेज असं होतं. आधी एक फॉर्म भरून घेणार, मग तीनेक तासांचं सेशन, लगेच परत तोच फॉर्म, आणि नंतर मेलवर रिपोर्ट. बलात्कार आणि लैंगिक अत्याचाराबद्दल लोकांच्या डोक्यात जे खोटे समज बसलेत ते आम्ही मोजून देतो, आधी किती होते, नंतर किती राहिले, असं त्यांचं म्हणणं. शेठना हे लई आवडलं. आकडा आला की त्यांना बरं वाटतं.

आता मोजणं ही कल्पना काही फालतू नाही हे आधी सांगते, कारण आमच्या अकाउंटंटनी पहिल्या दिवसापासून 'मनातलं कुठं मोजता येतं का' म्हणून धोशा लावला होता. मोजतात, आणि चाळीस वर्षांच्या वर झाली मोजायला लागून. मार्था बर्ट नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८० मध्ये मिनेसोटा राज्यातल्या ५९८ लोकांना असली वाक्यं देऊन कोण किती मानतं ते बघितलं. त्यात त्यांना सापडलं की माणसामाणसांच्या नात्यात थोडीफार जबरदस्ती चालतेच असं ज्यांना वाटतं तेच लोक हे समज पण जास्त मानतात. म्हणजे हा प्रश्न एकटा नसतो, 'बायकोला एखादी लावली तर काय बिघडलं' याच्या शेजारीच तो राहतो. पुढं १९९९ ला इलिनॉयच्या नावानं ओळखली जाणारी ४५ वाक्यांची मोठी प्रश्नावली आली, त्यात समजांचे सात गट पाडलेत, तिनंच ओढवून घेतलं, ती खोटं बोलतेय, त्याच्या मनात तसं नव्हतं, तिला पाहिजेच होतं, हा काही खरा बलात्कार नव्हे, त्यात काय एवढं मोठं, आणि असलं फक्त विकृत माणसंच करतात. आता हे वाचून सांगा यातलं कुठलं वाक्य तुम्ही सातरस्त्यावर चहा पिताना ऐकलेलं नाही.

सरकार पण आपल्याकडं याच्या जवळपासचं विचारतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असतं ना, बायको दमली असेल, नवऱ्याला गुप्तरोग असेल किंवा त्याचं बाहेर असेल तर ती नाही म्हणू शकते का. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तिन्ही कारणांना हो म्हणणाऱ्या बायका ८० टक्के आणि पुरुष ६६ टक्के, अख्ख्या देशाचा आकडा. असं विचारलं की काहीतरी हाती लागतं.

आता एजन्सीच्या फॉर्मकडं येऊ. घरी येऊन शोधाशोध केल्यावर लक्षात आलं की हा २०११ च्या २२ वाक्यांच्या अमेरिकन फॉर्मवरून उचललेला आहे. तो तिथल्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी केलेला. त्यामुळं आमच्या हेमिंगच्या, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांना पहिल्याच पानावर पार्टी. पार्टीत दारू प्यालेली मुलगी, पार्टीतनं मुलाबरोबर खोलीत गेलेली मुलगी. या बायका शहराच्या पूर्वभागातल्या, काही जणींचा जन्म विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेलेला, घरी आई अजून विड्या वळते, आणि यांना विचारताय पार्टीत खोलीत गेली तर चूक कुणाची. एक अक्का तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, म्हणल्या, मॅडम पार्टी म्हणजे बारसं का? सगळं खातं हसलं. त्यांनी त्या वाक्यांवर जे टिक केलं असेल ते लैंगिक अत्याचाराबद्दल नव्हतंच, दारू पिणाऱ्या श्रीमंतांच्या पोरींबद्दल होतं. इथली वाक्यं पाहिजे असतील तर ती इथंच आहेत की. सेकंड शिफ्टला राहिलीच कशाला. सुपरवायझरच्या गाडीवर बसलीच कशाला. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत जायचं आणि मग धक्का लागला म्हणायचं. एवढ्या दिवसांनी आत्ताच कशी आठवण आली. कुणीही अर्धा तास पॅकिंग टेबलाशी उभं राहिलं तर फॉर्म भरेल एवढी वाक्यं मिळतील, फुकट.

त्याहून वाईट म्हणजे फॉर्मवर वरती नाव, खातं आणि टोकन नंबर. अहो! असला फॉर्म टोकन नंबर टाकून कोण खरा भरेल? मी तिथंच म्हणलं हे काढा, तर बरोबर आलेला पोरगा म्हणला मॅडम आधीचा आणि नंतरचा फॉर्म जुळवायला लागतोय. त्यासाठी ज्याचं त्याला माहीत असलेलं एखादं चिन्ह काढायला सांगा की, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्माची तारीख, झालं काम. ऐकलं नाही. आणि गोळा करायला उभे कोण, तर शिफ्टचे सुपरवायझर.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर कहरच केला. वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि हात वर करा, सहमत कोण, असहमत कोण. पाच रकान्यांचा फॉर्म, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, त्याचे झाले दोन हात. शेजारणीचा हात बघून हात वर जात होते. काही जणींना मराठी बोललेलं कळतं पण असलं पुस्तकी वाक्य नाही कळत, घरी तेलुगूच, तर त्यांना शिलाईतली एक पोरगी तेलुगूत सांगत होती आणि ती आपल्या मनानं काय सांगत होती देव जाणे. सोलापुरात ट्रेनिंग विकायला येताय तर इथं तेलुगू, कन्नड, उर्दू घराघरात आहे एवढं तरी माहीत पाहिजे.

पुरुषांनी काय केलं सांगते. सगळे असहमत. पूर्ण असहमत, पूर्ण असहमत, वरपासून खालपर्यंत एका रेषेत टिका, काहींनी तर एकच लांब रेघ ओढली. बरोबर उत्तर काय आहे ते लहान पोराला पण कळेल असली वाक्यं आहेत ती. हा त्रास फक्त आमच्याकडचा नाही म्हणे, परदेशात पण जुन्या फॉर्मांवर लोक सगळं नाकारून मोकळे व्हायला लागले, सगळ्यांचे मार्क तळाला एका जागी गोळा, म्हणून २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ३० वाक्यांचा नवा फॉर्म केला, त्यात वाक्यं आडून येतात. थेट 'बाईचीच चूक' असं नाही विचारत, हल्ली बायका जरा जास्तच बाऊ करतात, पुरुषाचं काय दारूच वाईट, असल्या अंगानं विचारतात, जिथं माणूस सावध नसतो. हे सगळं जगाला माहीत असताना आम्हाला जुन्याच पद्धतीचा माल कशासाठी? बर्ट बाईंच्या जुन्या फॉर्ममध्ये सुद्धा एक हुशारी होती, तक्रार करणाऱ्या शंभर बायकांपैकी किती जणी सूड म्हणून खोटं बोलत असतील असा अंदाज विचारलेला. त्याला असहमत म्हणून सुटता येत नाही, आकडाच टाकावा लागतो. आमच्या जॉबर लोकांना, म्हणजे माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्यांना हे विचारलं असतं तर कळलं असतं काय ते.

आता चहाच्या सुट्टीचा किस्सा. फॉर्म भरून झाला होता, सेशन सुरू व्हायचं होतं. मागाच्या खात्यातले आमचे एक जुने जॉबर आहेत, सगळे अण्णा म्हणतात, माणूस चांगला, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. बाईनं विरोध केला नाही तर त्याला बलात्कार म्हणता येत नाही, या अर्थाच्या वाक्यावर यांनी पण पूर्ण असहमत केलेलं, माझ्यासमोर. आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणतात काय, "ते सगळं ठीकाय मॅडम, पण ओरडली का न्हाई? माणूस ओरडतंच की." तर हेमिंगच्या त्याच अक्का फटकन म्हणल्या, "अण्णा, तुमच्या मागाच्या खात्यात शेजारचा माणूस बोलला तर खुणेनं विचारावं लागतंय काय म्हणला म्हणून, तिथं बाई ओरडली तर कुणाला ऐकू जाणार हो?" अण्णा गप. म्हणजे फॉर्मवर अण्णांचे मार्क फुल आणि खरं काय ते चहाला बाहेर आलं. ट्रेनर बाई तिथंच उभ्या होत्या, त्यांनी ते बरोबर उचललं.

इथनं पुढं मात्र पैसे वसूल. बाईंनी पीपीटी बंद केली आणि अण्णांना अजिबात कमीपणा येऊ न देता म्हणल्या, अण्णा जे म्हणले तेच आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ ला म्हणलं होतं. मग मथुराची केस सांगितली. आपल्याच महाराष्ट्रातली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं, १९७२, आदिवासी मुलगी, आणि आरोपी पोलीस. हायकोर्टानं शिक्षा दिली होती, सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचं दिसत नाही. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला. पुढं २०१३ च्या दुरुस्तीत तर सरळ लिहून टाकलं की बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरनं तिची संमती होती असं धरायचं नाही, आता जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये पण ते तसंच आहे. तुकड्यातुकड्यानं मला हे माहीत होतं, पण एका दमात असं कुणी सांगितलं नव्हतं. जॉबर आणि न्यायमूर्ती एकाच बाकावर बसलेले बघून आमच्या मागवाल्यांना बरं पण वाटलं आणि विचार पण करायला लागले.

आणि ओरडण्याचं उत्तर पण दिलं त्यांनी. स्टॉकहोमच्या दवाखान्यात अत्याचारानंतर आलेल्या २९८ बायकांना विचारलं होतं, २०१७ ला छापून आलंय, त्यातल्या ७० टक्के बायकांचं शरीर त्या वेळी चांगलंच गोठल्यासारखं झालं होतं, हात हलेना, आवाज फुटेना. ४८ टक्के तर अगदी टोकाचं. आपण भर रस्त्यात ट्रक अंगावर येताना बघून जागच्या जागी थिजतो तसं, असं बाई म्हणल्या. अण्णांनी मान हलवली. पटलं का माहीत नाही, पण परत तो प्रश्न काढला नाही.

दुसरा चांगला भाग गाडीवर सोडण्याचा. बाईंनी एकच गोष्ट दोन पद्धतीनं सांगितली. वाईंडिंगची बाई, रात्रीची शिफ्ट सुटली, रिक्षा मिळेना. एका गोष्टीत ती अनोळखी माणसाच्या टमटममध्ये बसली. दुसरीत ओळखीच्या सुपरवायझरनं म्हणलं चल सोडतो घरी. दोन्हीकडं पुढं झालं तेच. मग विचारलं, बाईची चूक किती, शंभरातली. पहिल्या गोष्टीला सगळे हळहळले, रिक्षावाल्यांच्या नावानं बोटं मोडली. दुसरीला कुजबूज सुरू. त्याच्या गाडीवर कशाला बसली, काहीतरी आधीचं असणार. आणि हे बोलणाऱ्यांत बायका जास्त होत्या बरं का, पुरुष गप्प होते. मग बाई म्हणल्या की राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत २०२२ ला देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदलेत, आणि वर्षानुवर्षं यातल्या ९० टक्क्यांच्या वर केसमध्ये आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. म्हणजे जी गोष्ट ऐकून आपण बाईवर संशय घेतला तीच जास्त वेळा घडते. हे जे दोन गोष्टींचं त्यांनी केलं ना, हेच खरं मोजमाप होतं. निम्म्या लोकांना एक चिठ्ठी, निम्म्यांना दुसरी, टोकन नंबर नाही, फक्त शंभरातला एक आकडा आणि डब्यात टाकायचं. अभ्यासात असं करतात सुद्धा. एवढं केलं असतं तरी शेठना आकडा मिळाला असता आणि तो खरा असता. पण ते पॅकेजमध्ये नाही, ती बाईंची स्वतःची गंमत.

एकानं विचारलं की हे सगळं आपल्याकडंच का हो, बाहेर लोक शिकलेले असतात. तर बाई म्हणल्या, युरोपियन युनियनच्या २०१६ च्या पाहणीत २७ टक्के लोकांनी कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत संमतीशिवाय संबंध समर्थनीय असू शकतो असं म्हणलेलं. आणि ऑस्ट्रेलियात २०२१ ला ३४ टक्क्यांना वाटत होतं की पुरुषांवर सूड उगवायला बायका सर्रास असल्या तक्रारी करतात. हे ऐकून आमचे अकाउंटंट जरा खूशच झाले, काय कळलं नाही त्यांना.

एके ठिकाणी मात्र बाईंची पण पंचाईत झाली, आणि ती फॉर्ममुळंच. फॉर्मच्या शेवटी एजन्सीनं स्वतःची काही भारतीय वाक्यं जोडली होती, त्यात एक, नवरा बायकोवर बलात्कार करू शकत नाही. याला सहमत म्हणलं की तुमच्या खात्यात एक गैरसमज जमा. स्टोअरचा एक पोरगा, लॉ करतोय दयानंद कॉलेजला, उठून म्हणला मॅडम कायद्यातच अपवाद आहे की, बायको अठराच्या वर असेल तर तो बलात्कार धरत नाहीत, मग माझं उत्तर चूक कसं. पोरगं बरोबर होतं. २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं वयाची अट पंधरावरनं अठरावर नेली, पण अपवाद अजून तसाच आहे. बाईंनी कबूल केलं की इथं कायदा काय म्हणतो आणि माणसाला काय वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्यात, आणि हे पण सांगितलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नवऱ्याकडनं होणारा लैंगिक छळ येतो, तिथं बाईला दाद मागता येते. ठीकाय, पण असलं वाक्य घालून मार्क कसे लावणार तुम्ही?

रिपोर्टवर जास्त लिहीत नाही. रंगीत गोल, बाण वर, 'जागरूकतेत लक्षणीय वाढ'. सेशन संपल्या संपल्या त्याच वाक्यांचा तोच फॉर्म दिला तर वाढ होणारच, शाळेत धडा शिकवून लगेच प्रश्न विचारल्यावर कोण चुकतं. चार-सहा महिन्यांनी येऊन विचारा. शिवाय एका पानावर जास्त मार्क म्हणजे गैरसमज जास्त आणि पुढच्या पानावर जास्त मार्क म्हणजे समज चांगली, दोन्ही एकाच रिपोर्टात. यामागचं कारण पण सापडलं, जुन्या फॉर्मात आकडा वाढला की वाईट आणि २०११ च्या फॉर्मात उलटं असतं, यांनी दोन्हीकडचं उचलून एकत्र शिवलंय. मेल केला, उत्तर आलं 'नोटेड मॅडम'. आणि सगळ्या वाक्यांची एकच बेरीज. आमच्याकडं 'तिनंच ओढवून घेतलं' पेक्षा 'खोटं बोलतेय' हा समज जास्त घट्ट बसलाय हे मला समितीत बसून माहीत आहे. तक्रार सिद्ध झाली नाही की लगेच खोटी ठरवून मोकळे होतात, कायदा तर म्हणतो की पुरावा देता आला नाही एवढ्यावरनं तक्रार खोटी धरता येत नाही. त्या गटाचे वेगळे मार्क दिले असते तर पुढचं सेशन कशावर घ्यायचं ते कळलं असतं. एका बेरजेचं आम्ही काय लोणचं घालायचं?

कुणी सोलापुरातले कारखानदार किंवा ऑफिसवाले हे वाचून बोलवणार असाल तर बाईंना बोलवा, सेशनला वेळ द्या, शिफ्ट सुटताना घाईत उरकू नका, पुरुष आणि बायका एका हॉलमध्येच ठेवा, आमच्याकडं अक्का तिथं नसत्या तर अण्णांना उत्तर कोण देणार होतं. तेलुगू बोलणारी बाई बरोबर आणायला आधीच सांगा. फॉर्म त्यांचा घ्यायचाच असेल तर नावाचा रकाना फाडून टाका आणि सुपरवायझरना हॉलच्या बाहेर चहाला पाठवा. शेठनी परवा रिपोर्टची प्रिंट फ्रेम करून गेटवर लावायची का विचारलं, मी म्हणलं त्यापेक्षा समितीच्या सदस्यांची खरी नावं आणि चालू असलेले मोबाईल नंबर लावू, तेलुगूत पण. ते छापायला टाकलंय.